घनपदार्थांची आग आणि तिचे नाव : नांदगावच्या मालधक्क्यापासून व्हिक्टोरिया गोदीपर्यंत

१

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील नांदगाव हे तालुक्याचे गाव मध्य रेल्वेच्या मनमाड-चाळीसगाव मार्गावर वसलेले आहे. १८६५ साली थळ घाटातील लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला आणि १८६७ साली तो नागपूरपर्यंत जाऊन पोचला. तेव्हापासून खानदेश-वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबई बंदराकडे जाऊ लागला, तो नांदगाववरूनच. मनमाडहून निजामाच्या राज्यात जाणारा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. तोपर्यंत औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि वेरूळ यांकडे जाणाऱ्या प्रवाशाला व मालाला नांदगाव हेच सोयीचे स्थानक होते. आज या तालुक्यात धोक्याच्या मालाविषयी कोणी बोलू लागला, की मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधनसाठे आणि तेथून निघणारे टँकर हीच प्रथम डोळ्यांपुढे येतात. कापसाची गासडी, कडब्याची गंजी, काडेपेट्यांचे खोके अथवा गंधकाचे पोते यांना पाहून मनात भय उत्पन्न होत नाही. पेट्रोलला वास असतो. कापसाला तो नसतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा, भय न उपजविणारा माल होय.

विषयाची मर्यादा आरंभीच स्पष्ट केलेली बरी. प्रस्तुत लेखक रसायनशास्त्राचा अभ्यासक नाही व अग्निशमनाचा अनुभवीही नाही. भाषेचा अभ्यासक आहे. परंतु आगीचा इतिहास चाळताना त्यास असे दिसून आले, की घनपदार्थांच्या मोठ्या आगींमध्ये पाण्याची वा धैर्याची उणीव क्वचितच होती. उणीव होती ती, काय जळत आहे, त्याच्या शेजारी काय ठेवलेले आहे आणि त्यावर कोणता उपाय चालतो हे वेळेवर, योग्य शब्दांत, योग्य माणसापर्यंत पोचण्याची. हे विधान एका प्रसिद्ध घटनेच्या आधारे तपासून पाहणे, आणि त्यावरून आपल्या परिभाषेविषयी काही निष्कर्ष काढणे, एवढाच येथे उद्देश आहे.

२

द्रव इंधनाची आग आणि घनपदार्थाची आग यांचे स्वभाव भिन्न आहेत. द्रवाची वाफ हवेत मिसळते आणि ज्वाला एकदम प्रकट होते; आग लागली हे सांगावे लागत नाही. कापूस, गवत, लाकडाचा भुसा, ताग यांसारख्या तंतुमय वा सच्छिद्र पदार्थांत मात्र आग आत शिरते आणि ज्वालेवाचून दीर्घकाळ टिकते. दाबून बांधलेल्या गासडीत तंतूंच्या पोकळ्यांत पुष्कळ हवा अडकलेली असते. तेवढ्यावर आतला विस्तव मंदपणे पुढे सरकत राहतो. वरून पाणी मारले तर बाहेरचा थर विझतो, पण पाणी गाभ्यापर्यंत जातेच असे नाही. म्हणून विझलेली दिसणारी गासडी काही तासांनी, कित्येकदा काही दिवसांनीही, पुन्हा पेट घेते.

हे ज्ञान मराठी भाषेला अपरिचित नव्हते. आपल्या भाषेत जळण्याच्या अवस्थांना वेगवेगळी क्रियापदे आहेत. धुमसणे, धगधगणे, भडकणे, पेटणे, होरपळणे, करपणे ही एकमेकांचे पर्याय नव्हेत. 'धुमसणे' या एका क्रियापदात ज्वालेचा अभाव, धुराचे अस्तित्व आणि पुढे भडकण्याची शक्यता हे तिन्ही अर्थ एकवटले आहेत. मनातील राग 'धुमसतो' असे आपण म्हणतो ते याच कारणाने. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण याहूनही बोधप्रद आहे. फुफाटा म्हणजे वरून राखेने झाकलेला विस्तव. ज्वालेतून सुटलेला माणूस शांत दिसणाऱ्या राखेवर पाय ठेवतो आणि भाजतो. घनपदार्थाच्या आगीपासून सावध करणारा इतका नेमका इशारा अन्यत्र क्वचितच आढळेल.

परंतु लोकभाषेचे ज्ञान सर्वत्र पुरेसे पडत नाही, हेही तितकेच खरे. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' या म्हणीत असे गृहीत धरलेले आहे, की ओले स्वतः होऊन जळत नाही, सुक्याच्या संगतीने जळते. वास्तव याच्या उलटही असू शकते. ओलसर गवताची गंजी रचली, तर तीत सूक्ष्म जीवांच्या क्रियेने उष्णता उत्पन्न होते. ती बाहेर पडण्यास वाट नसली म्हणजे साठत जाते, पुढे रासायनिक क्रियेने वाढते आणि बाहेरची ठिणगी नसताना गंजी आतून पेटते. वनस्पतिज तेलाने माखलेल्या कापसाच्या बोळ्यांचेही असेच होते. तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निघते व कापूस ती धरून ठेवतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'ओला कापूस' आणि 'तेलकट कापूस-कचरा' यांना अनुक्रमे १३६५ व १३६४ असे स्वतंत्र क्रमांक आहेत आणि दोहोंची गणना आपोआप पेटू शकणाऱ्या द्रव्यांत केलेली आहे, ती याच कारणाने. म्हणीवर विसंबणाऱ्या हमालाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला कोणी तरी सांगावयास हवे.

३

आता मुख्य घटनेकडे वळू. 'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज कॅनडात बांधले गेले होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले व कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्यावर सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता. त्यांपैकी २३८ टन अत्यंत संवेदनशील अशा 'अ' वर्गातील स्फोटके होती. शिवाय सोन्याच्या विटा होत्या. कराचीस त्यात कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार लोखंड यांची भर पडली. एकाच जहाजावर, आणि काही अंशी एकाच कोठारात, कापूस व स्फोटके यांचे सान्निध्य घडून आले. कप्तान नेस्मिथ यांना या मालाचे स्वरूप ठाऊक होते. युद्धकाळची निकड अशी, की जहाजातील प्रत्येक रिकामी जागा भरणे भाग होते.

१४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात आग असल्याचे खलाशांच्या ध्यानात आले. धूर त्याआधीच आसपासच्या लोकांच्या दृष्टीस पडला होता. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून जहाजावर लावावयाचा लाल बावटा मात्र वर चढविलेला नव्हता. गोदीतील कामगारांस, शेजारच्या जहाजांवरील खलाशांस आणि प्रथम धावून आलेल्या बंबवाल्यांस दिसत होते ते एवढेच, की एका जहाजात कापूस जळतो आहे. कापसाची आग मुंबई बंदराला नवी नव्हती. अशा आगीवर पाणी मारावयाचे ही रूढ रीत. त्याप्रमाणे पाणी मारण्यात आले. नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. दाट धुरामुळे आगीचे मूळ स्थान सापडेना. उष्णतेने जहाजातील पाणी उकळू लागले.

येथे घनपदार्थाच्या आगीचा आणखी एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. कापसाची गासडी पाण्यावर तरंगते. कोठाराच्या खालच्या भागात कापूस आणि त्यावरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना असताना कोठारात पाणी चढू लागले, म्हणजे जळती गासडी पाण्याबरोबर वर, स्फोटकांच्या दिशेने सरकते. या दुर्घटनेच्या अभ्यासकांनी नेमके याकडेच लक्ष वेधले आहे. जो उपाय सुट्या कापसाच्या आगीवर योग्य ठरला असता, तोच या रचनेत अपायकारक ठरला. जहाज जागीच बुडवावे की गोदीबाहेर काढावे याविषयी जबाबदार अधिकाऱ्यांत एकमत होईना, आणि अंतिम आज्ञा कोणी द्यावयाची हेही स्पष्ट नव्हते.

दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट होऊन जहाजाचे दोन तुकडे झाले. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. सुमारे १,७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पेटलेल्या कापसाच्या गासड्या गोदीच्या परिसरात व वस्तीवर येऊन पडल्या आणि ठिकठिकाणी नव्या आगी लागल्या. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगितला जातो. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. गोदीतील ढिगारा उपसण्यास आठ हजार माणसांना सात महिने खपावे लागले.

घटनेनंतरचे मौनही उल्लेखनीय आहे. युद्धकालीन नियंत्रणामुळे या स्फोटाचे वृत्त हिंदुस्थानातील पत्रांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सविस्तर छापता आले नाही. जपानी नियंत्रणाखालील सायगाव रेडिओने मात्र ते १५ एप्रिललाच सांगून टाकले होते. शत्रूपासून लपवावयाची माहिती शत्रूला मिळाली, आणि ज्यांना ती आगीपूर्वी हवी होती ते तिच्यावाचून गेले. गुप्तता आणि सुरक्षितता यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही, याचे हे ठळक उदाहरण मानावयास हरकत नाही.

४

मुंबईची घटना युद्धाच्या धामधुमीतील अपवाद होती, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर तीन वर्षांनंतरच्या शांततेच्या काळातील एका घटनेत सापडते. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी बंदरात 'ग्रँडकॅम्प' या जहाजाच्या कोठारात आग लागली. त्यात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते. ते कागदी पिशव्यांत भरलेले होते आणि सर्वांच्या तोंडी त्याचे नाव एकच होते : खत. पाण्याने माल खराब होईल म्हणून कोठाराची तोंडे बंद करून आत वाफ सोडण्यात आली. वाफेने आग गुदमरते हा समज इतर मालाच्या बाबतीत योग्य असेल. परंतु अमोनियम नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरविते, आणि वाफेने ते अधिकच तापले. स्फोटात सुमारे ५८० माणसे प्राणास मुकली. आग विझविण्यास गेलेले गावचे २७ स्वयंसेवक अग्निशामकही त्यांत होते. मुंबईत पाण्याचा वापर अंगाशी आला. टेक्सस सिटीत पाणी न वापरणे अंगाशी आले. दोन्ही ठिकाणी कृतीला दिशा दिली ती मालाच्या परिचित नावाने. 'कापूस' म्हणजे पाणी मारा. 'खत' म्हणजे भिऊ नका.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस या ठिकाणी बेंजामिन ली व्हॉर्फ यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. व्हॉर्फ (१८९७-१९४१) हे शिक्षणाने रासायनिक अभियंते, आणि व्यवसायाने हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीचे निरीक्षक होते. विमा-दाव्यांचे अहवाल तपासताना त्यांस असे आढळले, की पुष्कळ आगींचे कारण केवळ भौतिक परिस्थितीत नसून त्या परिस्थितीला दिलेल्या नावात असते. 'रिकामी' पिंपे धोक्याची नाहीत असे समजून लोक त्यांजजवळ निष्काळजीपणे वागत. वास्तविक पेट्रोलची वाफ साचलेले रिकामे पिंप भरलेल्या पिंपापेक्षा अधिक घातक असते. त्यांचे दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. शिसे वितळविण्याच्या कोळशाच्या भट्टीशेजारी 'भंगार शिशा'चा ढीग टाकलेला होता. शिसे जळत नाही, म्हणून कोणास चिंता वाटली नाही. परंतु ते भंगार म्हणजे जुन्या रेडिओ-यंत्रांतील शिशाचे पत्रे होते आणि त्यांच्यामध्ये मेणकागद तसेच राहिले होते. मेण पेटले आणि इमारतीचे अर्धे छप्पर जळून गेले.

भाषा विचाराला आकार देते, हा व्हॉर्फ यांचा व्यापक सिद्धान्त पुढील काळात पुष्कळ वादग्रस्त ठरला, आणि त्यावरील आक्षेपांत तथ्यही आहे. पण आगीच्या संदर्भात त्याचा मर्यादित भाग स्वीकारण्यास तो संपूर्ण मान्य करावा लागत नाही. माणूस नावावरून पदार्थ ओळखतो, आणि घाईत तर केवळ नावावरूनच ओळखतो, एवढे मान्य केले म्हणजे पुरे.

५

युद्धोत्तर काळात या अनुभवांतून जी व्यवस्था उभी राहिली, ती मूलतः नामकरणाचीच व्यवस्था होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञसमितीने १९५६ साली धोक्याच्या मालाच्या वाहतुकीविषयी पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतून विकसित झालेल्या पद्धतीत प्रत्येक द्रव्यास चार अंकी क्रमांक मिळतो आणि चौथ्या वर्गाचे तीन विभाग पडतात. ४.१ हे बाहेरच्या ठिणगीने वा घर्षणाने सहज पेटणारे घनपदार्थ. त्यांची खूण पांढऱ्यावर लाल उभे पट्टे. ४.२ ही आपोआप पेटू शकणारी द्रव्ये. खूण वर पांढरी, खाली लाल. ४.३ ही पाण्याच्या स्पर्शाने ज्वालाग्राही वायू सोडणारी द्रव्ये, खूण निळी.

ही विभागणी केवळ शास्त्रीय हौस नव्हे. काडेपेटीच्या कडेला असलेला तांबडा फॉस्फरस ४.१ मध्ये येतो. पांढरा फॉस्फरस ४.२ मध्ये, कारण तो उघड्या हवेत पेटतो व पाण्याखाली ठेवावा लागतो. ॲल्युमिनियमची भुकटी संरक्षक लेप दिलेली असेल तर ४.१, नसेल तर ४.३. ज्याला बाजारात नुसते 'कार्बाइड' म्हणतात आणि बंदी असूनही जे फळे पिकविण्यास वापरले जाते, ते कॅल्शियम कार्बाइडही ४.३ मधील, त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. म्हणजे 'फॉस्फरस' किंवा 'ॲल्युमिनियम' एवढे नाव सांगून भागत नाही; विशेषण गाळले की उपाय चुकतो.

उपायांचा क्रमही यावरूनच ठरतो. प्रथम वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, दूर उभे राहून फलक वा क्रमांक वाचावा. ओळख पटल्याशिवाय जवळ जाऊ नये. उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेल्या आपत्कालीन मार्गदर्शिकेनुसार ज्वालाग्राही घनपदार्थ नुसता सांडला असता सभोवती निदान २५ मीटर, आणि वाघीण वा टँकर आगीत सापडल्यास सर्व बाजूंनी ८०० मीटर जागा मोकळी करण्याचा विचार करावा. लहान आगीस वाळू, माती, कोरडी भुकटी, कार्बन डायऑक्साइड, फेस वा पाण्याचा फवारा चालतो. मोठ्या आगीस दुरून फवारा अथवा फेस वापरावा. पाण्याची सरळ धार भुकटी उधळून आग पसरविते. धातूच्या भुकटीवर व ४.३ मधील द्रव्यांवर पाणी घालूच नये. तेथे कोरडी वाळू वा त्यासाठीच केलेली भुकटी हवी. धुमसणारी गासडी इतर मालापासून वेगळी करून उघड्यावर न्यावी, तेथेच, पाणी हाताशी ठेवून, सोडावी, आणि पुढे काही दिवस तिच्यावर लक्ष ठेवावे. हे काम शिक्षित दलाचे आहे. सामान्य माणसाचे कर्तव्य दूर होणे, इतरांस दूर करणे आणि १०१ अथवा ११२ या क्रमांकावर, आग कोठे लागली याबरोबरच कशाला लागली, हेही सांगणे.

६

शेवटी मराठीकडे येऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोक्याचा माल पाठविणाऱ्याने वाहतूकदारास मालाची पुरेशी माहिती द्यावी लागते. ती लेखी स्वरूपात चालकाजवळ असावी लागते. वाहनावर मालाचे नेमके नाव, क्रमांक व वर्गखूण असलेला फलक लावावा लागतो. याच नियमांत एक भाषाविषयक तरतूद आहे आणि ती आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे : असा माल नेणाऱ्या चालकास संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. वाचनक्षमता ही सुरक्षिततेची अट आहे, हे कायद्याने मान्य केले. परंतु चालक एकटाच आगीशेजारी नसतो. मालधक्क्यावरील हमाल, जिनातील कामगार, रस्त्यावरील शेतकरी यांच्यासाठी तीच माहिती मराठीत कोणत्या शब्दांत आहे?

या बाबतीत आपली परिभाषा शिथिल आहे. 'ज्वलनशील' आणि 'ज्वालाग्राही' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. व्युत्पत्तीने पाहता पहिला 'जळण्याचा स्वभाव असलेला', तर दुसरा 'ज्वाला चटकन पकडणारा' असा आहे. सागवानी ओंडका ज्वलनशील आहे, पण ज्वालाग्राही म्हणता येणार नाही. दुसरी अडचण उपसर्गाची. इंग्रजीत 'इन्फ्लॅमेबल' या शब्दातील आरंभीचे अक्षर नकारार्थी समजले जाईल या भीतीने अग्निसुरक्षेच्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून 'फ्लॅमेबल' या रूपाचा पुरस्कार केला. मराठीत 'अतिज्वलनशील' आणि 'अज्वलनशील' यांच्यात केवळ एका अक्षराचे अंतर आहे, आणि अर्थ मात्र परस्परविरुद्ध! धुरातून, पन्नास पावलांवरून, घाबरलेल्या माणसाने वाचावयाच्या फलकावर असे शब्द असणे इष्ट नव्हे.

म्हणून अशी सूचना करावीशी वाटते, की ४.१, ४.२ व ४.३ या विभागांसाठी शासकीय संज्ञांच्या जोडीला 'लगेच पेटणारे', 'आपोआप पेटणारे' आणि 'पाण्याने पेटणारे' असे उघड अर्थाचे शब्द रूढ करावेत, आणि नकारासाठी 'अ' हा उपसर्ग न वापरता 'न जळणारे' असे स्पष्ट म्हणावे. यात पांडित्याची हानी नाही. 'धुमसणे' आणि 'फुफाटा' यांसारखे शब्द तर प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत अवश्य यावेत, कारण त्यांत पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे.

मराठीत आग विझविणाऱ्या यंत्राला 'बंब' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा' यावरून आला. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ पाण्याचा पंप असाही होतो आणि स्फोटक गोळा असाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत जे ६६ जण बंब घेऊन गेले, त्यांना त्या जहाजाच्या पोटात या शब्दाचा दुसरा अर्थ भरलेला आहे हे वेळेवर व स्पष्टपणे कळावयास हवे होते. नांदगावच्या धक्क्यावर उद्या एखादी वाघीण धुमसू लागली, तर प्रथम धावणाऱ्या माणसाला ते कळेल अशी तजवीज करणे शास्त्रज्ञांचे व शासनाचे काम आहे. कोणत्या शब्दांत कळेल, हे ठरविण्यात भाषेच्या अभ्यासकांनीही आपला वाटा उचलला पाहिजे.